सेकंड-हँड गाडीतला जाता न जाणारा बिघाड: पार्ट बदलण्याआधी काय मोजायचं

तुमची हकीकत थोडक्यात अशी. नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेतली, तुम्ही तिचे तिसरे मालक. सकाळी चालू केल्यावर इंजिन थरथरतं, गरम झालं की सुधारतं. तासभर चालवल्यावर कधीतरी गाडी अचानक बंद पडते आणि अर्धा-पाऊण तास गार झाल्याशिवाय चालू होत नाही. तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०१७१ येतो, पुसला की काही दिवसांत परत येतो. आतापर्यंत बॅटरी, चारही प्लग, एक कॉइल आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून झाली. आता विचारताय की पेट्रोल पंप बदलावा की गाडीच विकून टाकावी.

सध्या दोन्ही करू नका. बदललेल्या पार्टची यादी वाचली तर एक गोष्ट लगेच दिसते: प्रत्येक वेळी तक्रार ऐकून पार्ट बदलला गेलाय, बिघाड हजर असताना कोणीही मीटर किंवा स्कॅनर लावलेला नाही. गाडी गॅरेजमध्ये पोचते तोवर गार झालेली असते, एका सेल्फमध्ये चालू होते, आणि मेकॅनिकच्या हातात अंदाजाशिवाय काही उरत नाही. त्यात त्याचा फारसा दोष नाही. पण अंदाजाने बदललेला पार्ट पुढच्या माणसाचं काम अवघड करून ठेवतो. नवा सेन्सर चांगला आहे की नाही, वायरींना जोडणारा कपलर नीट बसलाय की नाही, प्लग योग्य नंबरचे आहेत की नाही, हे सगळं आता नव्याने तपासावं लागतं.

काम सुरू करण्याआधी एक सांगतो, ते मनावर घ्या. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि ब्रेक दाबायला मदत करणारा सर्वो दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो. त्यानंतर पेडल दगडासारखं लागतं. त्यामुळे हा बिघाड सापडेपर्यंत ही गाडी वेगाच्या रस्त्यावर नेऊ नका.

आता तक्रारींची वाटणी करू. सकाळची थरथर आणि पी०१७१ ही बहुधा एकच गोष्ट आहे. गरम झाल्यावर बंद पडणं ही वेगळी गोष्ट असण्याची शक्यता जास्त. बॅटरी उतरणं तिसरं. या तिघांना जोडणारा एकच धागा असू शकतो, तो म्हणजे खराब अर्थिंग (इंजिन आणि बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी) किंवा आधीच्या कोणीतरी छेडलेलं वायरिंग. म्हणून सुरुवात तिथून.

जुन्या गाडीत कंपनीने काय बसवलं होतं, यापेक्षा नंतर कोणी काय बसवलं हे आधी शोधायचं. म्युझिक सिस्टीम, अ‍ॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, ट्रॅकर, अलार्म, जादा हॉर्न, फॉग लॅम्प. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्चने बघा: मूळ वायरींच्या जुडग्यावर एकसारखी टेप असते, नंतरच्या जोडांवर रंगीत इन्सुलेशन टेप, पिळून जोडलेल्या तारा किंवा चिमटून बसवणारे प्लॅस्टिकचे कनेक्टर दिसतात. असा प्रत्येक जोड संशयित. अलार्ममध्ये बहुतेकदा इंजिन बंद करणारा एक रिले (विजेने चालणारा स्विच) असतो आणि तो इग्निशनच्या किंवा पेट्रोल पंपाच्या वायरीत घातलेला असतो. त्याचे पॉइंट जळाले की गरम झाल्यावर संपर्क सुटतो आणि चालती गाडी किल्ली फिरवल्यासारखी बंद होते. माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीत पंप आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा) दोन्ही बदलून झाले होते. अलार्म तर केव्हाच निकामी झाला होता, पण त्याचा रिले डॅशबोर्डखाली अजून वायरीत होता. तो काढून मूळ वायर नीट सोल्डर केली आणि तक्रार संपली. एअरबॅगच्या वायरी मात्र, ज्यांचे कपलर सहसा पिवळे असतात, टेस्ट लॅम्प किंवा मीटरने छेडू नका.

याच बैठकीत सीटचे रूळ आणि बोल्ट, कार्पेटची खालची बाजू आणि सीटखालचे कपलर बघून घ्या. रूळ गंजलेले, कार्पेटखाली बारीक गाळ, कपलरच्या पिनांवर हिरवट थर, हे सगळं एकत्र दिसलं तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. मग माझं उत्तर बदलतं: अशा गाडीचं वायरिंग वर्षानुवर्षं एकेक जागी कुजत राहतं, तिच्यामागे पैसा घालू नये.

स्कॅनर लावला की फक्त कोड वाचून थांबू नका. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या निदान यंत्रणेच्या, ठरलेल्या माहितीत कोड पुसल्यापासून किती अंतर चाललं आणि किती वेळा इंजिन गरम झालं हे दोन आकडे असतात, आणि कोणत्या तपासण्या पूर्ण झाल्या हेही दिसतं. गाडी घेण्याआधी हे बघितलं असतं तर विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसलेत का ते कळलं असतं. पुढच्या गाडीसाठी लक्षात ठेवा. आत्ता तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, फ्युएल ट्रिम (इंजिनच्या कंट्रोल युनिटने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं) किती, हे त्यात साठलेलं असतं. कोड पुसला की तेही पुसलं जातं. म्हणून आता कोणी कोड पुसायला निघालं तर आधी त्या पानाचा फोटो काढा.

पी०१७१ चा अर्थ इतकाच की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी आहे असं कंट्रोल युनिटला दिसतंय आणि पेट्रोल वाढवूनही ते भरून निघत नाहीये. ऑक्सिजन सेन्सर ही बातमी देणारा आहे. बातमी आवडली नाही म्हणून त्याला बदलल्याने काही होणार नव्हतं. आता फ्युएल ट्रिम बघा. इंजिन गरम करून आयडलला, म्हणजे रेस न देता, शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून साठवलेली) ट्रिम दोन्ही लिहा, त्यांची बेरीज करा. मग २,५०० आरपीएमवर रेस धरून पुन्हा तेच. बेरीज शून्याच्या आसपास, अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

आयडलला +२०, +२५ आणि २,५०० वर +५ आला तर कुठूनतरी चोरटी हवा आत जातेय. आयडलला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, त्यामुळे तेवढ्या गळतीचा वाटा मोठा होतो. रेस वाढली की तीच गळती किरकोळ ठरते. उलट आयडलला बरं आणि चढावर, जोर लावताना आकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळलाय. दोन्हीकडे सारखाच वाढलेला असेल तरी एअर फ्लो सेन्सर आधी बघायचा. तो साफ करायचा तर त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने, आतल्या तारेला बोट न लावता. एक बारकावा: ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसून इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतला) दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे चोरट्या हवेने बहुधा आयडल वाढतं, ट्रिम फार हलत नाही. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी पक्कं करा, नाहीतर आकड्यांचा अर्थ उलटा लागेल.

सकाळी त्रास आणि गरम झाल्यावर आराम, हे इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटचं नेहमीचं लक्षण आहे. थंड असताना आकसलेलं प्लॅस्टिक आणि कडक झालेलं रबर नीट बसत नाही, तापल्यावर फुगून बसतं. शिवाय चालू केल्यानंतरचा थोडा वेळ कंट्रोल युनिट ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, त्यामुळे गळती झाकायला कोणी नसतं. गॅस्केटशिवाय एअर फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाईप बघा. त्याच्या घड्यांमधली चीर वरून दिसत नाही, पाईप वाकवला की उघडते. क्रँककेसच्या व्हेंटिलेशनचा पाईप आणि व्हॉल्व्हही बघा. आयडलला ऑइलचं झाकण काढताना ते आत जोरात ओढलं जात असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर त्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह थंड इंजिनवर बंद असायला हवा. त्याचा टाकीकडचा पाईप काढून बोट लावा, ओढ जाणवली तर तो उघडा अडकलाय. आणि ब्रेक सर्वो: आयडलला पेडल दाबून धरल्यावर सुस्कारा ऐकू येत असेल किंवा आयडल बदलत असेल तर ते सगळ्यात आधी दुरुस्त करा, कारण तिथे प्रश्न ब्रेकचा आहे.

गळती शोधायची खात्रीची रीत म्हणजे स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. पुष्कळजण चालू इंजिनवर ज्वालाग्राही स्प्रे मारून शोधतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ मी ते कधीच करू देणार नाही. धूर कुठूनच आला नाही तर दोन फसव्या शक्यता उरतात: ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक भोक असलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि एखादा सिलिंडर मिसिंग करत, म्हणजे नीट पेटत नसला की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. दोन्ही वेळा सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, प्रत्यक्षात ते तसं नसतं. मिसिंगचा संशय असेल तर कॉइल विकत घेऊ नका. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा. पहिल्याच्या मिसिंगचा कोड पी०३०१ बदलून तिसऱ्याचा पी०३०३ झाला तर कॉइल दोषी, नाही झाला तर पुढे प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

आणि थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिटला आयडलची नव्याने ओळख करून द्यावी लागते. ती झाली का, विचारा. थरथर त्या साफसफाईनंतर वाढली असेल तर आधी एवढंच करून बघा.

बॅटरीकडे वळू. नवी बॅटरी तीन-चार वेळा पूर्ण उतरली असेल तर ती आता नवी राहिलेली नाही. आधी चार्जरवर पूर्ण भरा, काही तास नुसती ठेवा आणि मोजा: १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा एकाच आकड्यावर निकाल देऊ नका. हे ठीक असेल तर प्रश्न बंद गाडीत वीज कोण पितंय हा.

थोडं गणित करू. निरोगी गाडी झोपली की साधारण ५० मिलीअँपिअरपेक्षा कमी ओढते. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ४५ अँपिअर-तासाची बॅटरी महिनाभर सहज टिकावी. तुमची तीन दिवसांत उतरते, म्हणजे ओढ साधारण अर्ध्या अँपिअरची आहे: दिवसाला १२, तीन दिवसांत ३६. पाच वॉटचा छोटा दिवा १२ व्होल्टवर जवळजवळ इतकाच ओढतो. म्हणून मीटर काढण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा आणि डिकी बंद करा. मग डॅशबोर्डच्या कप्प्यातही तेच. झाकण लागल्यावर दिवा विझतो का, ते दिसेल.

दिवा निर्दोष ठरला तर मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावायचा. तो लावलेला असताना इग्निशन चालू करायची नाही आणि सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट लांब नेऊन ठेवा. मग थांबा. अर्धा तास, काही गाड्यांत तासभर. कंट्रोल युनिट झोपायच्या आधीचा आकडा बघून घाबरणारे बरेच असतात. झोपल्यानंतरही ओढ दिसत असेल तर फ्यूज उपटत बसू नका; फ्यूज काढला-घातला की युनिट जागी होतात आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्याऐवजी मीटर मिलीव्होल्टवर घ्या आणि प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवा. ज्याच्यातून करंट वाहतोय तिथे थोडे मिलीव्होल्ट दिसतात, बाकी सगळीकडे शून्य. कोणताच फ्यूज सापडला नाही तर ऑल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा). त्याचा डायोड गळका झाला की बंद गाडीतही वीज मागे फिरते, आणि त्याची जाड वायर बऱ्याचदा या फ्यूजच्या बॉक्समधून जातच नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढून, ऑल्टरनेटरची वायर सोडवून, तिचं टोक टेपने गुंडाळून पुन्हा मोजा.

अर्थिंग ओहममध्ये मोजून कधी सापडत नाही. दहा तारांतली एक शाबूत असली तरी मीटर शून्य दाखवतो. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर इंजिनची अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे.

आता गरम होऊन बंद पडणं. इथे तुमचं निरीक्षण कुठल्याही स्कॅनरइतकं मोलाचं आहे. बंद कशी पडते? किल्ली फिरवल्यासारखी क्षणात गेली तर विजेकडे बघायचं: क्रँक सेन्सर, रिले, इग्निशनचा पुरवठा. आधी पिकअप गेला, धक्के खाल्ले, मग बंद पडली तर पेट्रोलकडे. टाकीत किती पेट्रोल होतं? टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे टाकी तळाला असतानाच बंद पडत असेल तर पंपावरचा संशय वाढतो. वही ठेवा, प्रत्येक वेळी लिहा: बाहेरचं तापमान, किती वेळ चालवली, टाकी, एसी चालू होता का.

बंद पडली की सुरक्षित जागी घ्या आणि गार व्हायच्या आत चार गोष्टी करा. एक, किल्ली ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्या. बहुतेक गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. दोन, स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचं वायरिंग. यात कोड आलाच पाहिजे असं नाही. तीन, इमोबिलायझरचा (किल्ली ओळखली नाही तर इंजिन रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा नेहमीसारखा वागतोय का. चार, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक फ्युएल इंजेक्शन गाड्यांत त्याने सेल्फपुरतं पेट्रोल बंद होतं. अशी चालू झाली तर आत पेट्रोल जास्त झालं होतं, म्हणजे गळका इंजेक्टर किंवा तोच पर्ज व्हॉल्व्ह.

पंप मुका आणि आरपीएम शून्य, असं दोन्ही एकदम दिसलं तर त्यांना मिळून पुरवठा देणारा मुख्य रिले बघा. नुसता पंप मुका असेल तर त्याच्या रिलेच्या जागी त्याच नंबरचा दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, घालून बघा. तरी मुका असेल तर मेकॅनिकने टाकीवरच्या कपलरवर, पंपाला पुरवठा चालू असताना, व्होल्ट मोजावेत. बॅटरीपेक्षा फार कमी निघाले तर पंप बदलून काहीच होणार नाही, नवाही तसाच उपाशी राहील. हा कपलर जुन्या गाड्यांत वितळलेला सापडतो.

क्रँक सेन्सरवर संशय आला तर थंड ओलं फडकं थेट सेन्सरवर धरा. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका. पाच मिनिटांत चालू झाली तर पुरावा भक्कम आहे. दोन पिनांचा सेन्सर असेल तर गरम असताना त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, आतली तार तुटली की तो अनंत दाखवतो. तीन पिनांचा असेल तर बहुधा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असतो, त्याचा रेझिस्टन्स मोजण्याला अर्थ नाही. बदलायचा ठरला तर मूळ बनावटीचाच घ्या. क्रँक सेन्सर आणि एअर फ्लो सेन्सर या दोन पार्टमध्ये स्वस्त नकलेने जितका घोळ होतो तितका क्वचितच कशाने होतो. जुना काढलेला परत मागून घ्या, फेकू देऊ नका.

मेकॅनिककडे जाताना "पंप बदला" असं सांगू नका. वही दाखवा, आकडे दाखवा आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायला तो तयार आहे का ते विचारा, त्या वेळेचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. एका वेळी एकच बदल. आणि चेसिस नंबरवरून उत्पादकाकडे या मॉडेलचा एखादा रिकॉल (मूळ दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) तुमच्या गाडीवर करायचा राहिलाय का, हे विचारा. मालक बदलला तरी ते काम बाकीच राहतं आणि सहसा फुकट होतं.

तुमच्याकडून मला आता तीन गोष्टी हव्यात: आयडलला आणि २,५०० वर फ्युएल ट्रिम, गाडी झोपल्यानंतरचे मिलीअँपिअर, आणि पुढच्या वेळी बंद पडल्यावर सेल्फ मारताना दिसलेलं आरपीएम. ते पाठवा, मग कोणत्या पार्टला हात लावायचा ते सांगतो.